हवाई टपालाचं प्रदर्शन मांडायचं सामान: इंदूरच्या बाजारात काय घ्यावं, काय टाळावं

विमान टपालाचा संग्रह स्पर्धेत मांडायचा ठरला की आपल्याकडे माणूस आधी कागद आणि पाकिटं आणायला खजूरी बाजारात जातो आणि नियमावली मागाहून उघडतो. हा क्रम उलटा हवा. आंतरराष्ट्रीय फिलाटेली (टपाल-तिकीट संग्रह) महासंघाच्या, म्हणजे एफआयपीच्या नियमांत एरोफिलाटेलीचे, म्हणजे विमान टपालाच्या विभागाचे, शंभर गुण असे वाटले आहेत: विषयाची हाताळणी 20, विषयाचं महत्त्व 10, ज्ञान, अभ्यास आणि संशोधन 35, वस्तूंची स्थिती 10, दुर्मिळता 20, सादरीकरण 5. बाजारातून पैसे मोजून आणण्यासारखं जेवढं आहे ते सगळं शेवटच्या पाच गुणांत बसतं. मात्र तेच सामान चुकीचं आलं तर स्थितीचे दहा गुण खातं, आणि छपाई बिघडली तर पस्तिसांनाही हात घालतं. म्हणून इथे प्रत्येक वस्तूला लावलेला निकष एकच आहे: ही वस्तू किती गुण वाचवते. ती किती छान दिसते याला त्यात जागा नाही.

आधी हिशेब. एका फ्रेममध्ये, म्हणजे प्रदर्शनात पानं लावायच्या चौकटीत, ए-फोर आकाराची 16 पानं बसतात, चार ओळींत चार-चार. एक-फ्रेम विभागात सगळा खेळ त्या 16 पानांत संपतो. आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात नव्याने उतरणाऱ्याला पाच फ्रेम, आणि आधी 85 किंवा जास्त गुण मिळवलेल्याला आठ, म्हणजे 80 किंवा 128 पानं. राज्य आणि राष्ट्रीय प्रदर्शनांत फ्रेमची संख्या, पानाचा मान्य आकार आणि पान लावायची पद्धत माहितीपत्रकात दिलेली असते. ते हातात पडेपर्यंत काही विकत घेऊ नये. नंतर घ्याल तेव्हा कागद दीडपट आणि पाकिटं सव्वापट घ्या, कारण मजकूर शेवटच्या आठवड्यातही बदलतो.

पारदर्शक पाकिटांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथूनच होतं. स्टेशनरीच्या दुकानात ‘शीट प्रोटेक्टर’ मागितला की समोर येतात ती भोकांच्या पट्टीची फायलीतली पाकिटं. बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असतात, म्हणजे तिकिटाला अपाय करत नाहीत, पण प्रदर्शनाला निरुपयोगी. भोकांच्या पट्टीमुळे रुंदी ए-फोरपेक्षा वाढते आणि फ्रेममध्ये पानावर पान चढतं. पट्टी कापली तर ती बाजू उघडी पडते. शिवाय त्यांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत असतो. त्यामागचा फिकट जांभळा शिक्का हॉलच्या ट्यूबलाइटखाली वाचता येत नाही, आणि परीक्षक पाकीट उघडून पाहायला थांबत नसतो. दहापैकी तीन.

दुसरा प्रकार जाड, चकचकीत, काचेसारखा. हातात घेतला की भुरळ पडते. यातली बरीच पाकिटं पीव्हीसीची असतात आणि तीच घातक. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं, शिक्क्याची शाई पसरते, तिकिटाचा रंग बदलतो, आणि लेझरने छापलेला मजकूर पाकिटाच्या आतल्या बाजूला चिकटून उलटा उमटतो. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, तो ‘सब एक ही है’ म्हणणार. परीक्षा घरी घ्यावी. नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर तिथेच परत करा. वास नसेल तर तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा: पॉलिप्रॉपिलीन वर येऊन तरंगतं, पॉलिएस्टर आणि पीव्हीसी तळाशी जातात. तळाशी गेलेल्यांतला फरक कळायला तांब्याची तार गॅसवर लाल करून तुकड्याला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे गच्चीवर करावं, धूर विषारी असतो.

घ्यायचं ते पॉलिएस्टर. मायलर किंवा मेलिनेक्स या नावांनी ओळखलं जातं, हलवलं की कुरकुरीत आवाज करतं, पिवळं पडत नाही, आणि त्यातून शिक्का नुसत्या डोळ्यांनी दिसावा तसा दिसतो. स्टेशनरीवाले ते सहसा ठेवत नाहीत. तिकीट-साहित्याच्या डीलरकडून किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवरून मागवावं लागतं आणि महाग पडतं. एल आकाराचं, म्हणजे दोन लगतच्या बाजू बंद असलेलं पाकीट सोयीचं. पान आत सरकवताना त्यावरच्या कव्हरचा, म्हणजे टपालातून गेलेल्या मूळ लिफाफ्याचा, कोपरा दुमडत नाही. एक दोष आहे: कोरड्या हवेत स्थिर वीज धरतं आणि धूळ ओढतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हा त्रास फार. किंचित ओलसर सुती फडकं बाहेरून फिरवावं, आतून कधीच नाही. दहापैकी नऊ, आणि सामानावर खर्च करायचाच असेल तर इथे करावा.

कव्हर पानावर बसवायचे कोपरे. फोटो अल्बमसाठी मिळणारे चिकट कोपरे बरे दिसतात, पण त्यांचा गोंद कडेने बाहेर येतो आणि उन्हाळ्यात कव्हरला लागतो. पॉलिएस्टरचेच कोपरे घ्या किंवा पाकिटाच्या उरलेल्या पट्ट्यांतून कापून दुमडा. गोंद फक्त पानाला लागला पाहिजे. बसवताना चारही बाजूंनी मिलिमीटरभर मोकळीक ठेवा. कागद पावसाळ्यात फुगतो. मे महिन्यात घट्ट बसवलेलं कव्हर जुलैत मधोमध फुगा धरतं, आणि त्या फुग्याची घडी पुढे जात नाही. दुहेरी टेप, रबर सोल्युशन, ग्लू स्टिक यांना कव्हरच्या आसपासही फिरकू देऊ नये. सुट्या तिकिटांसाठी हाविड किंवा शोगार्डसारख्या कंपन्यांच्या तिकीट बसवायच्या पट्ट्या चालतात, पण पारदर्शक घ्याव्यात. काळी पाठ फ्रेममध्ये शोकपत्रिकेसारखी दिसते. पट्टीच्या मागे पाणी जेमतेम लावायचं. जास्त झालं की आत शिरतं आणि कोऱ्या तिकिटाचा मूळ गोंद पट्टीला धरून बसतो.

तशी सुटी तिकिटं एरोफिलाटेलीत थोडीच लागतात. भारताची 1929 ची हवाई मालिका, 2, 3, 4, 6, 8 आणि 12 आण्यांची, डी हॅविलंड हर्क्युलिस विमानाची, अनेकांकडे पूर्ण असते आणि मग ती दोन-दोन पानं अडवून बसते. अर्ध्या पानावर उरकावी. जलचिन्हातले तारे डावीकडे की उजवीकडे एवढा फरक दाखवून पुढे जावं. नियमाचा भर विमानाने प्रत्यक्ष गेलेल्या टपालावर आहे, आणि कोऱ्या तिकिटांची रांग म्हणजे विषय पारंपरिक, म्हणजे तिकिटांचाच अभ्यास मांडायच्या विभागाकडे सरकला असं परीक्षक मानतो.

कागद. झेरॉक्सचा 75 जीएसएम कागद कव्हरच्या वजनाने वाकतो, तो नको. 160 ते 200 जीएसएमचा आम्लरहित कागद हवा. ‘ॲसिड फ्री’ असं वेष्टनावर लिहिलेलं असतं, पण सुट्या गठ्ठ्यातून घेताना वेष्टन कोण दाखवतो! पीएच पेन मिळतो. रेघ जांभळी उमटली तर कागद उदासीन किंवा अल्कधर्मी, पिवळी राहिली तर आम्ल. त्याहून जास्त फसवतं ते कागदाचं पांढरेपण. जेल रोडवर अतिनील टॉर्च मिळतो, तो घेऊन अंधारात कागदावर मारा. ऑफिसचा कागद निळाशार चमकतो, कारण त्यात चमक आणणारं रसायन असतं. अशा कागदावर 1930 च्या आसपासचं कव्हर ठेवलं की शाबूत कव्हरही पिवळं, मळकट दिसतं, आणि परीक्षकाची नजर स्थितीच्या रकान्याकडे जाते. टॉर्चखाली मलूल राहणारा, नैसर्गिक पांढरा किंवा अगदी फिकट हस्तिदंती कागद निवडावा. रंगीत पानं आणि रंगीत शाई टाळावी असं नियमच सांगतो. तिरंगी किनार, विमानाचं वॉटरमार्क चित्र, सोनेरी शीर्षक हे सगळं लग्नपत्रिकेत शोभतं.

आता छपाईची सेवा, आणि इथे शहरातल्या दुकानांना कमी गुण द्यावे लागतात. यंत्रं चांगली आहेत, अडचण सवयींची आहे. प्रदर्शनाच्या पानावर कव्हरच्या मागची बाजू दाखवायला चित्र छापावं लागतं, कारण पोहोचल्याचा शिक्का बहुधा मागे असतो. असं रंगीत चित्र मूळ वस्तूपेक्षा किमान 25 टक्के लहान किंवा मोठं असावं लागतं, म्हणजे कुणी नकलेला अस्सल समजू नये. हे 25 टक्के लांबीचे आहेत, क्षेत्रफळाचे नाहीत. 30 मिलिमीटर व्यासाचा शिक्का चित्रात 22.5 मिलिमीटर किंवा त्याहून लहान दिसला पाहिजे, नाहीतर 37.5 हून मोठा. फाइल तुम्ही बरोबर करून नेता आणि ऑपरेटर ‘फिट टू पेज’ दाबतो. चित्र तीन-चार टक्के हलतं आणि नेमकं नियमाच्या चुकीच्या बाजूला जातं. म्हणून चित्र 70 टक्क्यांवर ठेवावं, छापताना ‘ॲक्च्युअल साइज’ मागावा, आणि पहिल्या पानावर तिथेच उभं राहून मोजपट्टी लावावी. पुढची 79 पानं त्यानंतर.

दुसरी सवय रंग ‘सुधारण्याची’. यंत्रातला आपोआप रंग खुलवणारा पर्याय चालू असतो आणि मॅजेंटा शिक्का गुलाबी येतो. 18 फेब्रुवारी 1911 ला अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला आंरी पेके याने हंबर विमानातून टपाल नेलं, ते जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल. त्यावरचा ‘फर्स्ट एरियल पोस्ट’ हा मॅजेंटा शिक्का ज्या पानावर तपशिलात मोठा करून दाखवायचा, तिथे रंग बदलला तर मुद्दाच गेला. या शिक्क्याच्या बनावट नकला बाजारात आहेत, त्यामुळे परीक्षक रंग आणि अक्षरांची ठेवण पाहतोच. तज्ज्ञ संस्थेचा दाखला असेल तर त्याची मूळ प्रत पानामागे त्याच पाकिटात ठेवावी आणि पुढे तशी छोटी खूण करावी. डागडुजी केलेली किंवा नकली वस्तू दाखवायची तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. लपवलं आणि सापडलं तर एका कव्हरचे नव्हे, अख्ख्या प्रदर्शनाचे गुण खाली येतात.

लेझर की इंकजेट? लेझरचा टोनर जाड कागदावर नीट भाजला जात नाही, नखाने खरवडला की सुटतो. छापताना कागदाचा प्रकार ‘थिक’ किंवा ‘कार्डस्टॉक’ निवडायला लावावा, म्हणजे यंत्र सावकाश आणि जास्त उष्णतेने छापतं. इंकजेट घ्यायचा तर पिगमेंट शाईचा. डाय शाई पावसाळ्यातल्या हातांनी पसरते. अक्षर 11 किंवा 12 पॉइंटपेक्षा लहान नको, पान उभ्याने हातभर अंतरावरून वाचलं जातं. आधी सगळं छापा, मग कव्हर बसवा. कव्हर बसवलेलं पान ‘जरा एक ओळ बदलायची होती’ म्हणून पुन्हा यंत्रात घालण्याचे प्रकार घडलेले आहेत. आणि कुणी लॅमिनेशन सुचवलं तर फाइल उचलून बाहेर पडावं.

या पानांवर लिहायचं काय, ते कुठल्याच दुकानात मिळत नाही, आणि ज्ञान-संशोधनाचे पस्तीस गुण तिथेच आहेत. ‘सुंदर फर्स्ट फ्लाइट कव्हर’ या ओळीला शून्य किंमत. कव्हर कुठून निघालं, कोणत्या सेवेने, कुठे विमान बदललं, साधं टपाल शुल्क किती आणि विमानाचा अधिभार किती, पोहोचलं कधी, आणि ते खरंच उडाल्याचा पुरावा कोणता, एवढं तीन-चार ओळींत यायला हवं. ‘बाय एअर मेल’ची निळी चिठ्ठी हा पुरावा नव्हे. 1930 च्या दशकातल्या पुष्कळ कव्हरांवर त्या चिठ्ठीवरून दोन जाड आडव्या पट्ट्या मारलेल्या दिसतात. नवखे त्याला खराबी समजून कव्हर बाजूला टाकतात. ती ‘जुस्का’ खूण आहे: इथपर्यंत विमानाने, पुढे जमिनीवरून किंवा जहाजाने. असं कव्हर नक्षीदार शिक्क्यांच्या दहा स्मरणिका कव्हरांना भारी पडतं, कारण त्यातून मार्ग सिद्ध होतो.

इंदूर-ग्वाल्हेरच्या माणसाकडे तर घरचाच विषय पडून आहे. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणलं आणि त्यांचा सहकारी वैमानिक नेव्हिल विन्सेंटने ते पुढे बेल्लारीवरून मद्रासला नेलं, हे सगळेच मांडतात. टाटांची मुंबई-दिल्ली सेवा नोव्हेंबर 1937 मध्ये इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर या थांब्यांनी सुरू झाली, तिच्या टप्प्यांकडे कमी जण वळतात. इंदुरातली बिजासनची जागा होळकर सरकारने 1935 मध्ये याच विन्सेंटच्या सल्ल्याने निवडली होती. आता या टप्प्यांवरचं कव्हर समोर ठेवा. होळकर संस्थानाची तिकिटं संस्थानाबाहेर चालत नसत, त्यामुळे इंदूरहून मुंबईला उडालेल्या पत्रावर ब्रिटिश भारताची तिकिटं असणार. ग्वाल्हेर मात्र करारबद्ध संस्थान, म्हणजे ब्रिटिश भारताशी टपालाचा करार असलेलं. ‘ग्वालियर’ छापा मारलेली भारताची तिकिटं ब्रिटिश भारतातही ग्राह्य होती, पण परदेशी टपालाला नाही. एकाच विमानात चढलेल्या दोन पिशव्यांची तिकिटं दोन वेगळ्या नियमांनी लागलेली, हे शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन कव्हरांनी आणि चार ओळींनी दाखवता येतं. इतका अभ्यास एका पानात दिसला की परीक्षक थांबतो.

असंच दुसरं पान 1938 चं. ब्रिटिश साम्राज्याची विमान टपाल योजना त्या वर्षी भारतापर्यंत आली आणि ब्रिटनच्या पत्रावरचा वेगळा विमान अधिभार गेला. अर्ध्या औंसाला अडीच आणे. अडीच आण्याच्या तिकिटावर चित्र होतं टपालाच्या बैलगाडीचं, त्यामुळे विमानातल्या पत्रांवर सर्रास बैलगाडी दिसते. ही कव्हरं स्वस्त मिळतात, दुर्मिळतेत गुण देत नाहीत, पण दराचा इतिहास त्यांच्याशिवाय अपुरा राहतो. तसंच 1 एप्रिल 1949 नंतरचं: देशांतर्गत पत्रं जादा शुल्काशिवाय विमानाने जाऊ लागली, त्यामुळे त्यानंतरचं साधं पत्र उडालं का हे तारखांच्या अंतरावरून, म्हणजे निघाल्याच्या आणि पोहोचल्याच्या शिक्क्यांवरून पटवून द्यावं लागतं. नागपूर केंद्र धरून 30 जानेवारी 1949 ला सुरू झालेल्या रात्रीच्या टपाल विमानांनी हे अंतर आणखी कमी केलं.

अपघातातून वाचलेलं टपाल असेल तर स्थितीची चिंता करू नये. 31 डिसेंबर 1935 ला अलेक्झांड्रियाजवळ समुद्रात पडलेल्या ‘सिटी ऑफ खार्टूम’ या विमानातली कव्हरं तिकीट निघालेली, डाग पडलेली असणारच. ती धुऊन, इस्त्री करून स्वच्छ करणं म्हणजे पुरावा पुसणं. टपाल खात्याची खुलाशाची चिठ्ठी किंवा शिक्का जपला पाहिजे. भारतात रॉकेटने टपाल उडवून पाहणाऱ्या स्टीफन स्मिथची रॉकेट टपालं मात्र इथे घुसवू नयेत, त्यांची जागा अंतराळ फिलाटेलीत आहे. 1962 आणि 1982 मध्ये जेआरडींनी आपलं कराची-मुंबई उड्डाण पुन्हा केलं, त्याची स्मरणिका कव्हरं मूळ 1932 च्या कव्हराशेजारी ठेवण्याचा मोहही आवरावा. पान भरतं, गुण भरत नाहीत.

जीपीओतल्या फिलाटेलिक ब्युरोबद्दल थोडक्यात: नवी तिकिटं, प्रथम दिवस आवरणं आणि ठेव खात्यासाठी उत्तम. जुनं विमान टपाल तिथे मिळणार नाही, ते डीलर, लिलाव आणि जुन्या पेढ्यांच्या पत्रव्यवहारातूनच शोधावं लागतं. राज्य प्रदर्शनाचं माहितीपत्रक आणि प्रवेश अर्ज मात्र इथे विचारावा.

पहिलं पान सगळ्यात शेवटी छापावं. त्यावर विषयाची व्याप्ती, काय घेतलं आणि काय मुद्दाम वगळलं, प्रकरणांची विभागणी आणि वापरलेली मुख्य संदर्भसाधनं एवढंच असावं. आराखड्यात लिहिलेलं प्रकरण पुढे सापडलं नाही, किंवा पुढे आहे ते आराखड्यात नाही, तर हाताळणीच्या वीस गुणांतले पहिले तिथे कापले जातात. पानांवर क्रमांक पेन्सिलीने मागे आणि पाकिटावर कोपऱ्यात, कारण फ्रेममध्ये पानं तुम्ही नाही, बहुधा स्वयंसेवक लावतो. नेताना पानं आडवी, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये, सिलिका जेलची पुडी घालून. उभी ठेवली की कव्हर कोपऱ्यांतून खाली सरकतं. सोबत दहा रिकामी पाकिटं, थोडे कोपरे आणि बोथट टोकाचा चिमटा ठेवा. हॉलवर यातलं काहीच मिळत नाही.